तुम्ही विचारलंत म्हणून: एसपींचा (जिल्हा पोलीस अधीक्षकांचा) पगार किती आणि महाराष्ट्रात जास्त मिळतो का?

आमच्या बेळगावात शहापूरला वाचनालयात अभ्यासाला बसणारी पोरं, त्यांचे वडील, खानापूरकडचे पाव्हणे, सगळ्यांचा एकच प्रश्न असतोय, काका, एसपी साहेबांना महिन्याला किती मिळतं हो, आणि तिकडे महाराष्ट्रात जास्त मिळतंय म्हणतात ते खरं काय? माझी अख्खी नोकरी सरकारी ऑफिसात एस्टॅब्लिशमेंटला पगारबिलं करण्यात गेली, म्हणून मलाच विचारतात. परवा एका पोरानं मोबाईलवर रील दाखवलं, एसपीला तीन लाख पगार म्हणून. तसं काही नसतंय रे बाबा.

आयपीएस ही अखिल भारतीय सेवा, तिचा पगार केंद्राच्या सातव्या वेतन आयोगानं ठरलाय, त्यामुळे बेळगावचा एसपी आणि कोल्हापूरचा एसपी एकाच लेव्हलला (पगाराच्या पायरीवर) असले तर मूळ पगाराचा तक्ता एकच. सुरुवात लेव्हल १० ला, बेसिक (मूळ पगार) ५६,१००. चार वर्षांनी लेव्हल ११, म्हणजे ६७,७००, नऊ वर्षांनी लेव्हल १२ चे ७८,८००. डीआयजी (उपमहानिरीक्षक) १,३१,१००, आयजी (महानिरीक्षक) १,४४,२०० (नॉर्दर्न रेंजचे आयजी आपल्या बेळगावातच बसतात), आणि राज्याच्या पोलीस प्रमुखाला सरळ २,२५,०००. एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, पगार खुर्चीवर नाही, सर्व्हिसवर असतो. सहा वर्षं झालेला अधिकारीसुद्धा जिल्ह्याचा एसपी होतो आणि त्याचा पगार लेव्हल ११ चाच असतो.

आता लेव्हल १२ च्या एसपींचं बिल बघू. २०२५ च्या जानेवारीचा केंद्राचा डीए (महागाई भत्ता) ५५ टक्के धरला तर ७८,८०० वर ४३,३४०, मिळून १,२२,१४०. घरभाडं? बेळगाव वाय क्लासचं शहर, २० टक्क्यांनी १५,७६० होतात, पण साहेब सरकारी बंगल्यात राहतात, त्यामुळे तो रकाना रिकामाच, उलट लायसन्स फी (बंगल्याचं सरकारी भाडं) कापली जाते. ऑफिसची गाडी घरून ने-आण करायला असली की ट्रान्सपोर्ट अलाउन्स पण नाही. आणि २००४ नंतर लागलेल्यांचे बेसिक आणि डीए मिळून जे होतंय त्याचे १० टक्के पेन्शनला जातात, म्हणजे १२,२१४. राहिले एक लाख दहा हजाराच्या आसपास, त्यातून इन्कम टॅक्स. चांगलाच पगार आहे, पण या आकड्याच्या भरवशावर कुणी जमीन विकून दिल्लीला क्लास लावायला पाठवू नये असं मला मनापासून वाटतं.

खरा घोळ होतो तो डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) आणि त्यांच्या खाली. ते राज्याचे नोकर, त्यांना राज्याचा वेतन आयोग. कर्नाटकाचा सातवा १ ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला, डीवायएसपीचं बेसिक ८३,७०० झालं, कॉन्स्टेबलचं ३७,५००. महाराष्ट्रात डीवायएसपी ५६,१०० आणि शिपाई २१,७००. लोक नुसतं बेसिक बघून म्हणतात की अरे इकडे तर दीडपट! तसं बघायचंच नाही. इथं जुना डीए बेसिकमध्ये मिसळलाय म्हणून नवा डीए त्याच जानेवारीला १२.२५ टक्के होता, तिकडे ५५. दोन्ही मिळवा, मग डीवायएसपीला इथं ९३,९०० च्या पुढे, तिकडे ८६,९५५. शिपायाला इथं ४२ हजार, तिकडे साडेतेहेतीस. म्हणजे २०२५ च्या जानेवारीच्या आकड्यांनी इकडेच जास्त होतं, तिकडे पुढचा आयोग लागला की पुन्हा बदलेल.

हा शिपाई मात्र माझ्या डोक्यातून जात नाही. डिसेंबरात सुवर्णसौधला (बेळगावातलं विधानभवन) अधिवेशन बसलं की राज्यभरातून पोलीस येतात, पोरं पहाटेपासून हायवेच्या कडेला थंडीत उभी असतात, जेवणाचं पार्सल हातात घेऊन. त्यांच्यात आणि लेव्हल १२ च्या एसपीत बेसिक आणि डीए मिळून जवळजवळ तिपटीचा फरक, आणि बंदोबस्ताचे तास दोघांनाही घड्याळ न बघता. अधिकाऱ्यांचा पगार विचारणाऱ्यांनी हा पण विचारावा की.

राहिला आपला, मराठी पोरांचा प्रश्न. यूपीएससीची मुख्य परीक्षा मराठीत लिहिता येते, मराठी साहित्य विषय पण घेता येतो, तिथं भाषेची फारशी अडचण नाही, फक्त केडर (नोकरीचं राज्य) कुठलं मिळेल ते आपल्या हातात नसतं. केपीएससीला (कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला) मात्र कन्नडचा पेपर सक्तीचा, तो पास झाल्याशिवाय पुढं काही नाही, आणि पीएसआयच्या परीक्षेत निबंध, भाषांतर असतं. आमची पोरं बसमध्ये, बाजारात झकास कन्नड बोलतात पण लिहायला बसवलं की जोडाक्षरांत अडकतात. रोज कन्नड पेपर वाचून पानभर लिहायचं, आधी हेच करा. आणि ज्यांना महाराष्ट्राची भरतीच द्यायची आहे त्यांनी आपलं गाव महाराष्ट्रानं दावा केलेल्या सीमाभागातल्या ८६५ गावांच्या यादीत आहे का बघून पंधरा वर्षांच्या वास्तव्याचा दाखला आत्ताच काढून ठेवा, जाहिरात आल्यावर धावाधाव करून तो वेळेत मिळत नाही.