घंटा कुणी वाजवली?

आमच्या लॅबमध्ये एक तक्रारवही आहे. पंखा बंद पडला, नळ गळतो, प्लगमधून ठिणगी येते, सगळं तिच्यात लिहायचं आणि वही संध्याकाळी ऑफिसात पाठवायची. शेवटचा रकाना ‘कारण’. इतक्या वर्षांत मी तिच्यात शेकडो नोंदी केल्या असतील, पण पाठ आहे ती एकच.

फोंड्याच्या एका कॉलेजात मी फिजिक्सचा लॅब असिस्टंट. जूनचा पहिला आठवडा होता, मृग लागायला दोन-तीन दिवस होते आणि घातलेला शर्ट पाचव्या मिनिटाला पाठीला चिकटत होता. खाली ऑफिसात ॲडमिशनची झुंबड. वर लॅबमध्ये आम्ही तिघं. डिचोलीचा एक मुलगा, सोल्डरिंगला हात एकदम स्वच्छ. म्हार्दोळहून येणारी एक मुलगी, कायम लॅपटॉपवर. आणि मी. दारातल्या काचेच्या कपाटात ठेवायला अगदी सुरुवातीच्या काळातले रेडिओ डिटेक्टर बनवायचे होते. मॅडमनी बजावलं होतं, “नुसते शोभेचे नकोत, चालले पाहिजेत.”

एरियलमध्ये रेडिओलहर येते, पण तिच्यावर घंटा वाजत नाही आणि ती थेट कानालाही कळत नाही. मधे कुणीतरी ‘आली’ असं सांगणारा लागतो, तो डिटेक्टर. रेडिओचे काचेचे व्हॉल्व्ह (व्हॅक्यूम ट्यूब) येण्याआधी हे काम करायचा कोहिरर: काचेची नळी, दोन्ही बाजूंनी धातूचे दट्टे, मधल्या फटीत धातूचा कीस. किसाच्या प्रत्येक कणावर ऑक्साइडचं पातळ कवच असतं, म्हणून एरवी त्यातून करंट जवळजवळ जात नाही. जवळ कुठे ठिणगी उडाली की कवच जागोजागी फुटतं, कण एकमेकांना चिकटतात आणि वाट मोकळी होते. फ्रान्समध्ये एदुआर ब्रान्ली यांनी 1890 साली हे दाखवलं, कोहिरर हे नाव इंग्लंडच्या ऑलिव्हर लॉज यांचं. गंमत म्हणजे एकदा चिकटलेला कीस आपणहून सुटत नाही. नळीवर टिचकी मारावी लागते.

आम्ही पहिल्यांदा वर्कशॉपमधला लोखंडाचा कीस भरला. गोव्याची हवा! आठवड्यात नळीत लाल भुकटी. कवच हवं असतं हे खरं, पण इतकं जाड नको. बिनतारी संदेश पाठवणाऱ्या मार्कोनीच्या नळीत निकेल आणि थोडी चांदी असायची, शिवाय नळीतली हवा काढून ती बंद केलेली असायची. निकेलचा तुकडा आम्हाला कुंडईच्या औद्योगिक इस्टेटीत प्लेटिंग करणाऱ्या ओळखीच्या माणसाने दिला, ॲनोडचा उरलेला. चांदीसाठी बाजारातल्या सोनारशेटकडे गेलो. “कानशीचा कीस हवा, चिमूटभर,” म्हटल्यावर तो माझ्याकडे बघतच राहिला, मग हसत कागदाची पुडी बांधून दिली. पैसे घेतले नाहीत. हवा काढायची सोय नव्हती, म्हणून कीस आणि नळी चांगली वाळवून तोंडं मेणाने बंद केली. गॅस पेटवायचा लायटर दोन हातांवरून दाबला की मल्टिमीटर मेगओहमवरून पाचशे ओहमवर यायचा. पोरगा दिवसभर लायटर दाबत फिरत होता.

कोहिररचा करंट जेमतेम. मार्कोनीकडे त्यासाठी अतिशय नाजूक रिले होता, म्हणजे बारीक करंटने चालणारा स्विच. आमच्याकडे नव्हता, म्हणून मधे करंट वाढवायला एक ट्रान्झिस्टर घातला, तो त्या काळी नव्हताच. शुद्धतावाद्यांनी माफ करावं. रिलेपुढे सहा व्होल्टची घंटा, आणि घंटेची हातोडी परतताना नळीवरच टिचकी मारेल अशी मांडणी.

मुलगी हाच कोहिरर सॉफ्टवेअरमध्ये करत होती. खिडकीबाहेर वायरचा मोठा लूप, तो लॅपटॉपच्या ऑडिओ इनपुटला. सिग्नल ठरलेल्या पातळीच्या वर गेला की प्रोग्रॅममधला कोहिरर ‘चिकटणार’ आणि टिचकी मिळेपर्यंत तसाच राहणार. पहिल्या दिवशी तो अखंड चिकटलेलाच राहिला. ट्यूबलाइटचा आणि वायरिंगचा 50 हर्ट्‌झचा गुंजारव. काचेतल्या कोहिररला त्याचं काहीच वाटत नव्हतं, ह्याला मात्र तेवढंच ऐकू येत होतं. तिने 1 किलोहर्ट्‌झच्या खालचं सगळं गाळून टाकलं. मग उलटी अडचण आली, तो फारच शहाण्यासारखा वागू लागला. प्रत्येक टिचकीनंतर नेमका पहिल्या जागी. खरा तसा नसतोच. मुलाने शंभर टिचक्या मारून शंभर वेळा रेझिस्टन्स मोजला, दोन आकडे सारखे नाहीत! तिने तीच यादी प्रोग्रॅमला दिली आणि दर टिचकीला त्यातला कुठलाही आकडा उचलायला लावलं. “सर, याला नीट बिघडायला शिकवलं,” ती म्हणाली.

आता त्या दिवसाबद्दल. सकाळी सगळं जोडलं, लायटर दाबला, घंटा वाजली. आणि वाजतच राहिली. कारण घंटेच्या थरथरत्या पट्टीवर स्वतःचीच ठिणगी उडते. ती ठिणगी कोहिररला कळते, टिचकीने सुटलेला कीस पुन्हा चिकटतो, घंटा पुन्हा वाजते. शेपटीमागे फिरणारं कुत्रं. घंटेच्या काँटॅक्टवर कपॅसिटर आणि रेझिस्टर, कोहिररच्या दोन्ही बाजूंना ठिणगीच्या लहरी अडवणारी चोक कॉइल, असं करत साडेबारापर्यंत ती शांत केली. एका लायटरला एकच टण. खाली जाऊन भाजी-पाव खाल्ला. मी खुशीत होतो.

दोन पन्नासला घंटा वाजली. लायटर टेबलावर होता आणि आम्ही तिघं कपाटाच्या काचा पुसत होतो. मिनिटाभराने परत टण. मग लागोपाठ दोनदा.

“सकाळचीच भानगड, सर. चोक कमी पडतो,” मुलगा म्हणाला. मलाही तसंच वाटलं. तेवढ्यात ऑफिसातले क्लार्क जिना चढून आले. “अहो, घंटा बंद करा ती. पालकांना वाटतं वेळ संपली, रांगेत ढकलाढकली चाललीय.” मी हो-हो म्हणत स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि नळीचा क्लॅम्प ढिला करायला वाकलो.

“सर, थांबा. हात लावू नका.”

मुलीचा लॅपटॉप सकाळपासून तसाच चालू होता. त्याचा आमच्या घंटेशी, बॅटरीशी, एरियलशी काही संबंध नाही, तो स्वतःच्या बॅटरीवर. तिने नोंदी उघडल्या. दोन पन्नासला आलेखावर एक उंच काटा. पुढचाही जुळत होता. जवळजवळ असलेले ते दोनही तिथे होते.

मी म्हटलं, आपल्या घंटेची ठिणगीच तुझ्या लूपला लागत असेल. ती म्हणाली, “मग सकाळी इतका वेळ वाजत होती तेव्हाचे काटे बघा की.” बघितले. सकाळचे काटे बुटके होते आणि घंटा वाजायला लागल्यानंतरचे. आत्ताचे उंच, आणि घंटेच्या अगदी किंचित आधीचे.

पूर्वेकडच्या खिडकीतून आम्ही बाहेर पाहिलं. फोंड्यावर ऊन होतं. पण मोले-अनमोडच्या दिशेला घाटावर शाईसारखं काळं. गडगडाट अजिबात नाही. विजेचा आवाज पंधरा-वीस किलोमीटरपलीकडे सहसा पोचत नाही, आणि घाट त्याहून लांब. तेवढ्यात त्या काळ्यात एक पांढरी रेघ चमकली, आणि त्याच क्षणी माझ्या पाठीमागे टण.

रशियात अलेक्झांडर पोपोव्ह यांनी 1895 साली नेमकं हेच यंत्र केलं होतं: कोहिरर, घंटा, घंटेच्याच टोल्याने टिचकी, आणि लांबच्या विजांची नोंद. मी हे मुलांना दरवर्षी सांगतो. सांगताना ते मला कधी खरं वाटलं होतं का, शंकाच आहे.

वीस मिनिटं आम्ही नुसते मोजत बसलो. घंटा तेवीस वेळा वाजली, त्यातल्या एकवीस वेळा लॅपटॉपवर काटा होता. उरलेल्या दोनांचं कोडं क्लार्कनीच सोडवलं. तेही तिथेच खुर्ची ओढून बसले होते. “पाण्याचा पंप सुरू-बंद केला असणार शिपायाने,” ते म्हणाले. विचारलं, तर खरंच. पंपाचा स्टार्टर लॅबच्या भिंतीपलीकडेच आहे. आमच्या नळीला घाटावरची वीज आणि पंपाची ठिणगी सारखीच. उलट लॅपटॉपवर बारीकसारीक काटे शेकड्यांनी होते, तिथपर्यंत नळीचं पोचणं शक्य नव्हतं.

मग पहिला गडगडाट ऐकू आला, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आमची एरियल म्हणजे गच्चीवरच्या टाकीला बांधलेली बारा मीटर तांब्याची तार आहे आणि तिचं टोक माझ्या टेबलावर आहे. एरियल थेट जमिनीला जोडायचा (अर्थिंगचा) स्विच बसवायला हवा होता. बसवला नव्हता, ती चूक माझी, दुसऱ्या कुणाची नाही. टर्मिनलमधून वायर उपसली आणि खिडकीबाहेर फेकली. मुलगा म्हणाला, “सर, अजून पाचच मिनिटं...” त्याच्यावर इतक्या वर्षांत पहिल्यांदा ओरडलो.

सव्वातीनच्या पुढे पाऊस आला आणि लाइट गेली. लॅपटॉप चालूच होता. अंधारात बसून मी तक्रारवही ओढली, कारण क्लार्कनी सांगितलं होतं, पालकांचा गोंधळ झालाय, लेखी पाहिजे. लिहिलं: ‘तक्रार: घंटा आपोआप वाजणे. वेळ: 2.50 ते 3.10. कारण: वीज.’

तिसऱ्या दिवशी ऑफिसने इलेक्ट्रिशियन पाठवला. त्याने टेस्टर लावून सगळं वायरिंग तपासलं, मान हलवली, आणि मी जानेवारीपासून मागत होतो ते तीन प्लग पॉइंट बदलून गेला.