मल्लखांबाला बांधलेली लाल नाडी

सातवीत असताना मला मल्लखांबावरची अढी ही पकड येत नव्हती. हातांनी खांब धरून उलटे व्हायचे, पाय वर न्यायचे आणि मांड्यांत खांब आवळायचा, एवढेच. पण शाळेबाहेरच्या एका वर्गात मला "कोपर सरळ, कंबर आत, गुडघा वाकव" अशा सूचना पाठ करायला लावल्या होत्या, आणि पुढची सूचना आठवेपर्यंत एरंडेल लावलेल्या खांबावरून मी घसरून खाली आलेलो असे.

आमच्या सरांनी खांबाच्या मानेला, वरच्या गोल बोंडाच्या जरा खाली, लाल नाडी बांधली आणि ते म्हणाले, "पायांचा विचार सोड. नाडीला अंगठा लाव." तिसऱ्या दिवशी पायाचा अंगठा लागला, पण मांड्या सुटत होत्या. "ओला पंचा पिळतोस ना, तसा खांब पीळ," एवढेच त्यांनी सांगितले आणि मी वर टिकलो. नेमके काय केलेस, असे मित्राने विचारले तेव्हा मला सांगता येईना. सर म्हणाले, "सांगता येत नाही ना? मग बसली."

उडी मारून उतरताना पाय जुळवून गुडघे वाकवायचे, हे मात्र त्यांनी शब्दन्‌शब्द घोटून घेतले, कारण तेथे चुकत शिकण्याला वाव नव्हता. हा विवेक मला आजही फार मोलाचा वाटतो.

पुढे फिजिओथेरपी शिकताना, माणूस हालचाली कशा शिकतो याच्या संशोधक गाब्रिएले वुल्फ आणि सहकाऱ्यांचा १९९८ मधील प्रयोग वाचनात आला. स्कीइंगच्या सराव-यंत्रावर काहींना पावलाने जोर देण्याकडे, तर काहींना पावलांखालच्या चाकांवर जोर देण्याकडे लक्ष ठेवण्यास सांगितले होते. चाकांकडे लक्ष देणारे अधिक चांगले शिकले. स्वतःच्या अवयवांवर लक्ष खिळले की आपसूक होणाऱ्या हालचालीत मन ढवळाढवळ करते, असे वुल्फ यांचे प्रतिपादन आहे. ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर ती नाडीच होती.

सदाशिव पेठेतील माझ्या दवाखान्यात पक्षाघातातून सावरणाऱ्या एक आजी येतात. "पाय उचला" म्हटले की त्या पायाकडे पाहत जागीच थांबत. म्हणून मी फरशीवर लाल चिकटपट्टी लावली आणि त्यांचा हात धरून म्हणालो, "आजी, पट्टीपलीकडे पाऊल टाका." त्यांनी ती ओलांडली, क्षणभर थांबल्या आणि पुढची पट्टी कुठे आहे, असे मला विचारले.