बोटाला शाई, पोटात पोहे

आज १३ मे २०२४, लोकसभेचं मतदान, सकाळी सातलाच आईला घेऊन वोट टाकून आलो आणि मग सरळ छप्पन दुकान ही आमची खाऊगल्ली, फ्री पोहे-जलेबी (शाई दाखवा नि खा, इंदूरच ते!). लाइनीत विषय एकच, राहुल गांधींनी मोदींसोबतच्या जाहीर डिबेटचं निमंत्रण स्वीकारलंय, आता मोदी येणार का? मागचे काका म्हणाले, अहो आपल्याकडे काँग्रेसच्या उमेदवाराने २९ एप्रिललाच फॉर्म मागे घेतला, इथे डिबेट कोणाशी, नोटाशी? सगळे हसले. मला मात्र खरंच वाटतं, दोघांना समोरासमोर बसवून महागाई, नोकऱ्या विचारा ना, रॅलीत काय, समोर कोणी उलटं विचारणाराच नसतो. आईला विचारलं कोणाला दिलंस, तर म्हणे गुप्त मतदान असतं रे, पोहे खा, आणि स्वतः वरून शेव मागून घेतली.