पेशी अंग चोरते तेव्हा

कोकणात वाढलेल्या माणसाला लाल विंचवाची ओळख करून द्यावी लागत नाही, आणि महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध वापरून विंचूदंशाचे मृत्यू कसे रोखले, हेही आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक असते. याच विंचवाच्या विषातून १९९० मध्ये वेगळे केलेले आयबेरिओटॉक्सिन हे छोटे प्रथिन मेंदूच्या गाठींच्या संशोधनात उपयोगी पडते, हे मात्र मला बऱ्याच उशिरा कळले.

ग्लायोब्लास्टोमा या मेंदूतील कर्करोगाच्या गाठीची खरी अडचण तिच्या आकारापेक्षा तिच्या पसरण्यात आहे. १९२०च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोरचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धगोल संपूर्ण काढून टाकला, तरीही रोग परतला, कारण काही पेशी त्याआधीच पलीकडे पोचलेल्या होत्या. मेंदूतील पेशींमधल्या फटी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद असतात. मग त्यांच्या कितीतरी पट मोठी पेशी त्यातून जाते कशी?

मेंदूशास्त्रज्ञ हॅराल्ड सोंथायमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अलाबामात केलेल्या कामातून पुढे आलेले उत्तर असे, की ती अक्षरशः अंग चोरते. या पेशी एनकेसीसी-१ नावाच्या, क्षार पेशीत आणणाऱ्या वाहक प्रथिनाच्या मदतीने आत क्लोराइडचा साठा करून ठेवतात. प्रौढ चेतापेशीत क्लोराइडचे प्रमाण लिटरला १० मिलिमोलच्या आसपास किंवा त्याहूनही कमी असते, तर यांच्यात ते १००च्या घरात जाते. वाट अरुंद झाली आणि पेशीत कॅल्शियम वाढले, की पेशीच्या आवरणातले बीके चॅनल हे पोटॅशियमचे दार उघडून पोटॅशियम बाहेर पडते, सीएलसी-३ या दुसऱ्या चॅनलमधून क्लोराइड निघते आणि मिठामागोमाग पाणीही जाते. पेशीचे आकारमान साधारण एक-तृतीयांशाने घटते, केंद्रकही आक्रसते आणि पेशी पलीकडे सरकते. रक्तवाहिन्यांजवळ असणारे ब्रॅडिकायनिन नावाचे रसायन पेशीतले हे कॅल्शियम वाढवण्याचे काम करते, आणि या पेशी रक्तवाहिन्यांच्या कडेकडेनेच का सरकतात याचे एक कारण त्यात दडलेले आहे. आयबेरिओटॉक्सिन नेमके बीके चॅनलच बंद करते, म्हणून या साखळीतील त्या चॅनलचा वाटा वेगळा काढून पाहता येतो.

दुसऱ्या एका विंचवाच्या, म्हणजे उत्तर आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील डेथस्टॉकरच्या विषातले क्लोरोटॉक्सिन याहून अधिक गाजले. ते ग्लायोमाच्या, म्हणजे ग्लायोब्लास्टोमा ज्यात मोडतो त्या गटातील गाठींच्या, पेशींना चिकटते, परंतु ज्या क्लोराइड चॅनलवरून त्याला नाव मिळाले तेच त्याचे लक्ष्य आहे की एमएमपी-२ सारखी पृष्ठभागावरची प्रथिने, यावर बराच वाद झाला. ‘विंचवाच्या विषाने कॅन्सर बरा होतो’ असे संदेश पुढे पाठवणाऱ्यांच्या हे गावीही नसते. बीके चॅनल निरोगी चेतापेशींत आणि रक्तवाहिन्यांच्या स्नायूंतही असतात, त्यामुळे ते सरसकट बंद करणे हा उपचार होऊ शकत नाही.

त्या मानाने क्लोराइडचा साठाच होऊ न देण्याचा मार्ग मला अधिक सयुक्तिक वाटतो. लघवी वाढवणारे बुमेटॅनाइड हे जुने औषध एनकेसीसी-१ रोखते, आणि उंदरांमध्ये त्याने ग्लायोमाचे पसरणे कमी झालेले दिसले आहे. मात्र रक्तातून मेंदूत ते फारच थोडे उतरते, आणि सध्या गाडे तिथेच अडले आहे.