चार बोटांची जागा: आमच्या सस्पेन्शन वर्कशॉपची वाटचाल

"दादा, गाडी जरा बसवून द्या की." आमच्या शेडच्या दारात उभं राहून असं म्हणणारी पोरं महिन्यातून चार-पाच तरी येतात. गाडी बहुतेक वेळा स्विफ्ट, नाहीतर तशीच एखादी छोटी हॅचबॅक. मोबाइलवर फोटो तयार असतो, टायर मडगार्डच्या आत गेलेला, बंपर जमिनीला टेकल्यासारखा. मी आधी एकच विचारतो, दिसायला खाली पाहिजे की घाटात वळायला? या दोन्हींची कामं वेगळी आहेत. हे आम्ही एका पोराच्या जिवावर बेतता बेतता शिकलो.

आमचं मूळ दुकान कमान पाट्यांचं, म्हणजे ट्रकखालच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांचं. साताऱ्यात हायवेच्या कडेला आबा ट्रक-टेम्पोचे पाटे बसवायचे. उसाच्या हंगामात रात्री-अपरात्री गाड्या यायच्या. भट्टी, ऐरण, घण आणि पाटा लाल करून तेलात बुडवल्यावर येणारा तो धूर, यातच मी आणि धाकटा भाऊ वाढलो. 2005 मध्ये स्विफ्ट आली आणि बघता बघता गावातल्या तरण्या पोरांची आवडती गाडी झाली. भावाचा आयटीआय झाला तसा 2009 साली शेजारचा गाळा घेतला. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, बॅलन्सिंग, शॉकअप, जोडांतले रबरी बुश, चाकाला खालून धरणारा लोअर आर्म, अशी कामं सुरू केली. मशिनसाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं.

गाडी खाली घ्यायचं पहिलं गिऱ्हाईक त्याच वर्षी आलं. यवतेश्वरच्या घाटानं रोज जा-ये करणारा कॉलेजचा मुलगा. तयार स्प्रिंगा परवडत नव्हत्या, आणि "सगळे कापूनच घेतात" असं आम्हीही ऐकलेलं. पुढच्या स्ट्रटच्या, म्हणजे शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेल्या खांबाच्या, स्प्रिंगा काढल्या आणि गॅस कटरने दीड-दीड वेढा उडवला. गाडी मस्त बसली. तो खूश, आम्ही खूश.

आठवड्याभरात तीच गाडी टो होऊन परत आली. घाट उतरताना उजव्या वळणावर मध्येच एक खड्डा लागला आणि गाडी वळायचं सोडून सरळ डोंगराकडच्या गटारात गेली. मुलाला खरचटलंही नाही, पण लोअर आर्म वाकला, रिम फुटली. दरीची बाजू असती तर काय, हा विचार आजही मनातून जात नाही.

दुसऱ्या दिवशी आबा आमच्या गाळ्यात आले. कारच्या कामात ते कधी बोलायचे नाहीत. जॅक लावायला सांगितला. चाक लोंबकळलं तसा त्यांनी हात घालून स्प्रिंग फिरवली. ती बरणीच्या झाकणासारखी गोल फिरली. स्प्रिंग तिच्या बैठकीत बसलेलीच नव्हती. मग गाडी खाली घ्यायला लावली आणि शॉकअपच्या दांडीवरच्या रबरी स्टॉपरखाली बोट घातलं. एकच बोट गेलं. "चार बोटं पाहिजेत रे," एवढंच म्हणाले. कापलेला तुकडा हातात घेऊन कडेचा निळा-काळा डाग दाखवला. "गॅसनं कापलास. पाणी उतरवलंस पोलादाचं." पाट्याच्या धंद्यात ज्याला पाणी म्हणतात, तो कडकपणा आम्ही स्वतःच्या हातानं घालवला होता.

त्या एका बोटात अपघाताचं सगळं कारण होतं. वळणावर गाडीचं वजन बाहेरच्या चाकावर जातं. स्प्रिंग दबायला जागा असेल तर चाक खड्ड्यात उतरतं, वर येतं आणि टायर रस्ता सोडत नाही. जागा संपली की स्टॉपर टेकतो. त्या क्षणी स्प्रिंगच्या जागी जवळपास घट्ट ठोकळा असतो. त्या टायरवर एकदम ताण येतो आणि पकड सुटते. ड्रायव्हरला सावरायला वेळच मिळत नाही.

पुढची दोन वर्षं आम्ही लोअरिंगचं, म्हणजे गाडी खाली घ्यायचं, एकही काम घेतलं नाही. भाऊ पुण्याच्या एका वर्कशॉपमध्ये रविवारी बिनपगारी उभा राहायचा, बघायचा, वहीत उतरवायचा. सहा वेढ्यांतला एक कापला की उरलेली स्प्रिंग साधारण वीस टक्के कडक होते. म्हणजे कापल्यावर उंची आणि कडकपणा एकत्रच बदलतात, आणि कंपनीचा शॉकअप त्या नव्या कडकपणासाठी बनलेलाच नसतो. मग गाडी वळणातून निघाल्यावरही झुलत राहते. लोक म्हणतात, "लो केली तरी हलतेच की." हलणारच.

आणखी एक गोष्ट कळल्यावर मी स्वतः थक्क झालो. गाडी 30 मिलिमीटर खाली घेतली तर वळणावर एका बाजूकडून दुसरीकडे जाणारं वजन कमी होतं ते जेमतेम पाच-सहा टक्के. कारण छोट्या गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या थोडा वर असतो, त्यातले तीन सेंटिमीटर म्हणजे किती? खरा फरक पडतो तो योग्य कडकपणाच्या स्प्रिंगेनं, तिला साजेशा शॉकअपनं आणि चांगल्या टायरनं.

जास्त खाली घेतलं तर उलटंच होतं. स्विफ्टला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे. त्यात लोअर आर्म बाहेरच्या टोकाला किंचित खाली झुकलेला असतो. गाडी फार बसवली की तो आडवा होतो, मग बाहेरचं टोक वर जातं. गाडी ज्या बिंदूभोवती कलते, तो रोल सेंटर बॉडीपेक्षाही जास्त खाली उतरतो, त्यामुळे बॉडीला कलायला अंतर वाढतं. वळणात चाक उभं राहायचं तेही राहत नाही. चाक वळवणाऱ्या टाय रॉडचा कोन बदलल्यानं खड्ड्यात स्टीअरिंग आपोआप ओढतं. म्हणून पुढे 25 ते 30 मिलिमीटरपेक्षा जास्त आम्ही कोणाचीही गाडी खाली नेत नाही. कितीही पैसे मिळाले तरी नाही.

मागची बाजू तर लोकांना पटवणं अवघड जातं. रिकामी गाडी मागून उंच दिसते आणि तीच त्यांना खुपते. पण ती उंची पाच माणसं आणि डिकीतल्या सामानासाठी राखलेली असते. मागे आम्ही पुढच्यापेक्षा कमीच उतरवतो.

आता कामाची पद्धत ठरलेली आहे. आधी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं माप, चारही बाजूंचं, ड्रायव्हर बसवून. मग जुने बुश, बॉल जॉइंट, स्ट्रट माउंटिंग तपासणं. ते झिजलेले असतील तर स्प्रिंगेचा विषयच नाही. मग स्प्रिंग आणि शॉकअप जोडीनं, नवा आखूड स्टॉपर, शेवटी अलाइनमेंट. हेडलाइटचा झोत हमखास बदलतो, तोही लावून देतो. चाक पूर्ण लोंबकळल्यावर स्प्रिंग हातानं फिरता कामा नये, हे भाऊ प्रत्येक गाडीला स्वतः बघतो.

मधल्या काळात एका पुरवठादाराकडून आलेल्या स्प्रिंगा तीन महिन्यांत एक सेंटिमीटरहून जास्त बसल्या. आठ गाड्या परत बोलावून आमच्या खर्चानं कंपनीच्या मूळ स्प्रिंगा बसवल्या. त्या वर्षी दिवाळीला नवं काही घेतलं नाही. आईनं एका शब्दानं विचारलं नाही.

गिऱ्हाइकाला कागदाची बाजूही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीतल्या आणि कंपनीनं ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत फेरफार करता येत नाहीत. त्यामुळे आधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा, मग या. काही जण तिथूनच परत जातात.

स्पीडब्रेकरचा हिशोब तर तोंडपाठ आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे तो 10 सेंटिमीटर उंच आणि 3.7 मीटर रुंद असायला हवा. गावागावांत मुरूम-डांबर टाकून केलेले तसे नसतात, हे तुम्हालाही माहीत आहे. पहिल्या स्विफ्टचा ग्राउंड क्लिअरन्स 170 मिलिमीटर. 30 काढले की 140, त्यात पाच माणसं बसवा. इंजिनाखालचा तेलाचा चेंबर घासला तर तेल गळणार, आणि इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही. गाडी रोज कोणत्या रस्त्यानं जाते हे म्हणूनच आधी विचारतो. कोरेगावकडच्या एका शेतकऱ्याला त्याच्या बांधाची वाट बघून सरळ नाही म्हटलं. तो चिडला, पण पुढच्या वर्षी बायकोची गाडी अलाइनमेंटला घेऊन आला.

वाईहून रोज पसरणी घाटानं पाचगणीला शिकवायला जाणाऱ्या एक मॅडम आल्या होत्या. गाडी वळणावर फार कलते, लेकीला उलट्या होतात, लो करून द्या. मी त्यांच्याबरोबर घाट चढून उतरलो. मागच्या एका शॉकअपचं तेल गळून गेलेलं, पुढचे लोअर आर्मचे बुश फाटलेले, टायरमध्ये हवा आठ पौंड कमी. उंचीला हातही लावला नाही. शॉकअप, बुश, अलाइनमेंट. पंधरा दिवसांनी त्यांनी लेकीला घेऊन मुद्दाम गाडी थांबवली. मुलगी म्हणाली, "काका, आता मी मागे पुस्तक वाचते." खाली घ्यायला आलेल्यांपैकी निम्म्यांची गाडी अशीच निघते. बिल कमी होतं, पण मला ती कामं फार आवडतात.

आबा आता दुकानात येत नाहीत. पाट्यांची भट्टी बंद केली, ऐरण मात्र हलवलेली नाही. तो कापलेला दीड वेढा माझ्या टेबलाच्या खणात आहे. "कापूनच द्या ना दादा, स्वस्तात होईल," असं कोणी म्हणालं की तो काढून त्याच्या हातात देतो आणि निळा डाग दाखवतो.

आज रॅम्पवर 2006 ची एक लाल स्विफ्ट आहे. मालक बँकेत कारकून, पोराला पहिली गाडी म्हणून देणार आहे. पुढे 25, मागे 15 मिलिमीटर खाली. उद्या सकाळी सहाला, वर्दळ सुरू व्हायच्या आत, समर्थ मंदिराकडून यवतेश्वरला एक चक्कर मारायची आणि खाली आल्यावर चारही मापं पुन्हा घ्यायची.