एडिटिंगचं बिऱ्हाड लॅपटॉपवर : तिसऱ्या आठवड्यापर्यंतची नोंद

व्हिडिओ एडिटिंगचं काम डेस्कटॉपवरून लॅपटॉपवर हलवणं चालू आहे, त्याची ही नोंद. जुना संच, म्हणजे डेस्कटॉप: रायझन ५ ३६००, ३२ जीबी रॅम, जीटीएक्स १६६० सुपर, २ टीबी हार्ड डिस्क. नवा लॅपटॉप: आय७-१३७००एच, ३२ जीबी रॅम, आरटीएक्स ४०६०, १ टीबी एनव्हीएमई (आतली वेगवान एसएसडी). काम गडकिल्ल्यांच्या ट्रेकचं, म्हणजे ड्रोन आणि अॅक्शन कॅमेऱ्याचं ४के फुटेज, एच.२६५ (व्हिडिओ दाबून साठवण्याची पद्धत), बरंचसं १०-बिट (रंगांच्या जास्त छटांचं). सॉफ्टवेअर डाविंची रिझॉल्व्ह स्टुडिओ. त्याचा एक परवाना एका वेळी दोन मशीनवर चालतो, त्यामुळे डेस्कटॉप लगेच मोडीत काढायची गरज नाही.

ग्राफिक्स कार्डाच्या नावाबद्दल आधी. लॅपटॉपमधलं ४०६० हे ३५ वॉटचंही असतं आणि ११५ वॉटचंही. नाव तेच, काम वेगळं. दुकानात हा आकडा कोणी सांगत नाही, कंपनीच्या तपशीलपत्रात टीजीपी (कार्डाला मिळणाऱ्या विजेची मर्यादा) म्हणून शोधावा लागतो. ४०७० घेऊ म्हणाल, तर लॅपटॉपमध्ये त्यालाही ८ जीबीच मेमरी आहे. डेस्कटॉपच्या ४०७०ला १२ जीबी असते. रिझॉल्व्हमध्ये टेम्पोरल नॉइज रिडक्शन (मागच्या-पुढच्या फ्रेम ताडून चित्रातले दाणे घालवणं) लावलं की आधी संपते ती हीच मेमरी, म्हणून पैसे तिथे न घालता रॅम आणि स्क्रीनवर घातलेले बरे.

पहिला आठवडा: हलवाहलव

दोन्ही मशीनवर रिझॉल्व्हची आवृत्ती एकच ठेवली. नव्या आवृत्तीत लायब्ररी (सगळे प्रोजेक्ट जिथे साठतात ती) एकदा अपग्रेड झाली की जुनी आवृत्ती ती उघडत नाही, आणि मग परतीची वाट बंद. प्रोजेक्ट मॅनेजरमधून अख्ख्या लायब्ररीचा बॅकअप घेऊन लॅपटॉपवर रिस्टोअर केला.  एलयूटी (रंग बदलणाऱ्या तयार तक्त्यांच्या फाइल), फाँट आणि प्लगइन त्याबरोबर येत नाहीत. एलयूटीचं फोल्डर कलर मॅनेजमेंटच्या पानावरच्या बटणाने उघडतं, ते जसंच्या तसं उचलायचं. मराठी शीर्षकांचा फाँट राहिला तर अक्षरं भलत्याच वळणाची दिसतात.

फुटेज १.६ टीबी, ते बाहेरच्या एसएसडीवर घ्यायचं. ७२०० आरपीएमची डिस्क सेकंदाला साधारण १५० एमबी देते, म्हणजे नुसत्या कॉपीला तीन तास. समोर कितीही वेगवान एसएसडी लावा, मर्यादा जुन्या डिस्कची आहे.

या आठवड्यातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे ड्राइव्हचं अक्षर. डेस्कटॉपवर फुटेज डी ड्राइव्हवर होतं. बाहेरची एसएसडी लॅपटॉपला लावली की विंडोज तिला ई, एफ, जे सापडेल ते अक्षर देतं आणि टाइमलाइन लालभडक होते, म्हणजे फाइल सापडत नाहीत. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन एसएसडीला डी हेच अक्षर दिलं, आतली फोल्डररचना तशीच ठेवली, आणि सगळं मीडिया रीलिंक न करता (फाइल पुन्हा शोधून न जोडता) उघडलं. डी अक्षर आधीच दुसऱ्या पार्टिशनने अडवलं असेल तर त्याचं बदलून घ्यायचं. रीलिंकच्या वाटेला शक्यतो जाऊच नये: कॅमेऱ्याच्या दर मेमरी कार्डावर फाइलचे क्रमांक पुन्हा पहिल्यापासून सुरू होत असतील, तर एकाच नावाच्या पाच-सहा फाइल निघतात आणि राजगडच्या जागी हरिश्चंद्रगड येऊन बसतो.

प्रोजेक्ट सेटिंगमधली वर्किंग फोल्डर्सही तपासा. कॅश (आधीच रेंडर करून ठेवलेले तुकडे) आणि प्रॉक्सी (कटिंगसाठीच्या हलक्या प्रती) यांचे पत्ते जुन्या मशीनचेच राहतात.

दुसरा आठवडा: प्रॉक्सी

ड्रोनचं १५० एमबीपीएसचं (सेकंदाला मेगाबिट) फुटेज तासाला ६७.५ जीबी होतं. त्याची १०८०पी, डीएनएक्सएचआर एलबी (एडिटिंगला सोपा फॉरमॅट, सगळ्यात हलका दर्जा) प्रॉक्सी २५ फ्रेमला साधारण ३६ एमबीपीएस, म्हणजे तासाला १६ जीबी. ५० फ्रेमचं चित्रण असेल तर दुप्पट धरा. मूळ फुटेज बाहेरच्या एसएसडीवर, प्रॉक्सी आणि कॅश आतल्या एनव्हीएमईवर. अशी वाटणी केली की एसएसडी न लावताही प्रवासात कटिंग होतं. रंगकाम आणि नॉइज रिडक्शन मात्र मूळ फुटेजवरच करा, आणि डिलिव्हर पानावर (जिथून अंतिम फाइल काढतात) 'यूज प्रॉक्सी मीडिया'ची खूण काढलेली आहे ना, ते बघा.

टाइमलाइन अडखळली की सगळे जीपीयूला, म्हणजे ग्राफिक्स कार्डाला, बोल लावतात. आधी केबल बघा. मोबाइल चार्जिंगची टाइप-सी केबल बहुतेक वेळा यूएसबी २.०ची असते, तिच्यातून सेकंदाला ४० एमबीच्या आसपास जातात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणून १५० एमबीपीएसच्या एका क्लिपला सेकंदाला १९ एमबी (मेगाबाइट) लागतात. एक चालते, दोन कशाबशा, तिसरीला गाडी बंद.

मिररलेस कॅमेऱ्याचं १०-बिट ४:२:२ (रंगाची माहिती जास्त ठेवणारं) एच.२६५ असेल तर आणखी एक मेख. ४० मालिकेच्या एनव्हिडिया कार्डाला ते हार्डवेअरवर उलगडता येत नाही, ते काम इंटेलचं क्विक सिंक (प्रोसेसरमधल्या ग्राफिक्सचा व्हिडिओ उलगडणारा भाग) करतं. अनेक लॅपटॉपांत मक्स स्विच (स्क्रीन कोणत्या ग्राफिक्सवर चालेल ते ठरवणारा) 'फक्त एनव्हिडिया'वर टाकला की इंटेलचं ग्राफिक्स झोपतं आणि क्विक सिंक गायब होतं. खेळांसाठी चांगली असलेली सेटिंग इथे उलटते.

तिसरा आठवडा: वीज आणि उष्णता

रेंडर नेहमी मूळ अडॅप्टरवर. टाइप-सीच्या १०० वॉट चार्जरवर मशीन चालतं, पण कार्डाला पुरेशी वीज मिळत नाही. बॅटरीवर तर त्याहून कमी.

सीपीयू आणि जीपीयूच्या उष्णता-नळ्या बहुधा सामाईक असतात, त्यामुळे एक तापला की दुसऱ्याचाही वेग उतरतो. पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केलं की टर्बो (प्रोसेसरचा तात्पुरता वाढीव वेग) बंद होतो आणि जीपीयूला श्वास मिळतो. मागच्या पायांखाली बाटलीची दोन झाकणं ठेवून हवेला वाट करून द्या. स्वस्त कूलिंग पॅड त्यापेक्षा फार काही करत नाही. मे महिन्यात अकोला-चंद्रपूरकडे दुपारचं रेंडर लावू नये, पहाटे लावावं.

लाइट गेली तर लॅपटॉप तगतो, पण स्वतःच्या अडॅप्टरवरची ३.५ इंची डिस्क आणि हब त्याच क्षणी बंद पडतात. डिस्कची फाइल-रचना एक्सफॅट असेल आणि लिहिणं चालू असेल तर फाइल जाण्याची भीती जास्त, कारण त्यात जर्नल (बदल आधी टिपून ठेवणारी नोंद) नसतं. फक्त विंडोजवर काम असेल तर एनटीएफएस ठेवा, आणि हबला छोटा यूपीएस.

बाकी

स्क्रीनचं कॅलिब्रेशन (रंग मोजून नीट बसवणं) राहिलंय. तोवर रंगकाम जुन्या मॉनिटरवरच, एचडीएमआयने. लॅपटॉपच्या स्क्रीनवर नाइट लाइट, एचडीआर आणि बॅटरीवर कॉन्ट्रास्ट बदलणारी इंटेलची सेटिंग, तिन्ही बंद.

डेस्कटॉपवरचा परवाना काढण्याआधीची चाचणी सुरू आहे. एकच टाइमलाइन दोन्ही मशीनवरून डीएनएक्सएचआरमध्ये काढायची, एकावर एक ठेवायची आणि वरच्या क्लिपचा कंपोझिट मोड (थर मिसळण्याची रीत) 'डिफरन्स' करायचा, म्हणजे जिथे फरक असेल तेवढंच दिसतं. पडदा काळा राहिला तर सगळं आलं. पहिल्या प्रोजेक्टमध्ये दोन जागी आकृत्या उजळल्या: एका ठिकाणी एलयूटी राहिलं होतं, दुसरीकडे शीर्षकाचा फाँट.