जाकिटवाल्याकडून बोटीचं तिकीट घेऊ नका

बाकीचं नाही वाचलंत तरी चालेल, एवढं वाचा. न्यूयॉर्कच्या बॅटरी पार्कात स्वातंत्र्यदेवीच्या बेटावर नेणाऱ्या बोटीची अधिकृत तिकिटं रस्त्यावर विकत नाहीत. कुणी विकत असेल तर तो तुम्हाला गंडवतोय.

आम्ही गंडलो. भुयारी रेल्वेचा जिना चढून वर येतोय तोच पिवळं जाकीट घातलेला, गळ्यात ओळखपत्र लटकवलेला एक जण आडवा आला. "स्टॅच्यू? तिकडे तीन तासांची रांग आहे, माझ्याबरोबर चला." बायको म्हणाली, "अहो, सरकारी माणूस दिसतोय." माणशी ४८ डॉलर मोजले. मग बसमधून भलत्याच धक्क्यावर, तिथून बोट. बोट पुतळ्यासमोर जरा रेंगाळली, लोकांनी सेल्फी काढले आणि ती वळली. बेटाला लागलीच नाही! तिकिटावर बारीक अक्षरांत नुसतं 'हार्बर क्रूझ' होतं, म्हणजे भांडायलाही जागा नाही. आणि लांबूनच बघायचं तर स्टेटन आयलंडची फेरीबोट चक्क फुकट आहे, तीही पुतळ्यासमोरूनच जाते. हे घरी आल्यावर भाच्याने सांगितलं. त्या रात्री मी ९६ डॉलरचे रुपये करत जागा होतो.

खरी तिकिटं पार्कातल्या कॅसल क्लिंटन या गोल दगडी किल्ल्यात मिळतात, नाहीतर ऑनलाइन. पुतळ्याच्या बेटावर आणि शेजारच्या एलिस आयलंडवर उतरवणारी कंपनी एकच, स्टॅच्यू सिटी क्रूझेस. साधारण २५ डॉलरात दोन्ही बेटं, दोन्ही संग्रहालयं आणि कानाला लावायचा ऑडिओ गाइडसुद्धा.

त्याहून मोठा गाढवपणा म्हणजे आम्ही भाच्याकडे उतरलो होतो जर्सी सिटीत, आणि हीच बोट तिथल्या लिबर्टी स्टेट पार्कातूनही सुटते. आपली निम्मी मंडळी न्यू जर्सीतच कुणाकडे तरी उतरतात. त्यांनी यासाठी मॅनहॅटनला जाऊच नये. लाइट रेलच्या स्टेशनपासून धक्क्यापर्यंत बरंच चालावं लागतं, टोपी घ्या. दुसऱ्या दिवशी आम्ही तिथूनच गेलो, रांग नावापुरती.

भाच्याने रात्री बसून पुतळ्याच्या मुकुटापर्यंत चढायची दोन तिकिटं मिळवली होती, कुणीतरी रद्द केलेली. एरवी ती बरीच आधी संपतात. बोटीआधी एकदा आणि पुतळ्यात शिरताना पुन्हा तपासणी, बॅग लॉकरमध्ये. चौथऱ्याच्या वर १६२ पायऱ्या, गोल गोल आणि खांद्याला लोखंड घासेल इतक्या अरुंद. सिंहगड चढणाऱ्याला दम लागणार नाही, पण आत भट्टी असते. आयफेल टॉवरवाल्या आयफेलने केलेला सांगाडा आणि जेमतेम अडीच मिलिमीटर जाडीचा तांब्याचा पत्रा आतून बघायचा असेल तर जरूर चढा. देखाव्यासाठी मुळीच नको. खिडक्या २५ आहेत, पण टीचभर. आमच्या वाट्याला वर पाच मिनिटं आली. बायको तेवढ्या वेळात खालच्या संग्रहालयात मूळची मशाल निवांत बघून आइस्क्रीम खात बसली होती. शहाणी ती.

त्या मुकुटाच्या वेळेपायीच एलिस आयलंड हातचं गेलं. जर्सीहून बोट आधी तिथे थांबते. आम्ही तासाभरात निघालो. तीन तास ठेवा. १८९२ ते १९५४ मध्ये इथून १ कोटी २० लाखांहून जास्त माणसं अमेरिकेत शिरली. सामान घेऊन जिना चढणाऱ्यांकडे डॉक्टर बघत उभे असायचे. कुणाला धाप लागली, कुणी लंगडला की कोटावर खडूची खूण. खुपरी आहे का बघायला बुटाची बटणं लावायच्या आकड्याने पापणी उलटायचे. पहिल्या-दुसऱ्या वर्गाच्या उतारूंची तपासणी मात्र जहाजावरच उरकायची. मुंबईत व्हिसाच्या रांगेत ताटकळलेल्या माणसाला त्या मोठ्या हॉलमध्ये जरा गप्प व्हायला होतं. १९१७ च्या कायद्याने तर आपल्याला, म्हणजे जवळजवळ सगळ्या आशियालाच, दार बंद केलं होतं. मी वाचत वाचत तिथवर पोचलो आणि भाचा घड्याळ दाखवायला लागला.

तिसऱ्या दिवशी वॉल स्ट्रीट बघायला म्हणून त्याच स्टेशनात उतरलो. तोच जिना, तेच जाकीट. "स्टॅच्यू? तीन तासांची रांग आहे." या वेळी बायकोने त्याला मराठीत उत्तर दिलं. ते इथे लिहीत नाही.